ज्वारीभर सरकलेला देठ

“या जगात असं एकही कुलूप नाही, जे माणसाच्या बुद्धीनं उघडत नाही,” राजनंदिनी म्हणाली.

हे ती स्वतःच्या ऑफिसबाहेर, जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसून म्हणाली. कारण ऑफिसची चावी विजयकुमारच्या दुसऱ्या पँटीत होती, आणि दुसरी पँट इस्त्रीवाल्याकडे होती.

हिंगोलीच्या एसटी डेपोसमोरच्या त्या ऑफिसवर पाटी आहे : ‘लग्नाआधीची चौकशी, भाडेकरूची चौकशी व इतर सत्य’. विम्याच्या कंपनीत वीस वर्षं नुकसानीची पाहणी करताना राजनंदिनीला खोटं बोलणाऱ्या माणसांची इतकी सवय झाली, की नोकरी सोडल्यावर तिला करमेना. म्हणून हा धंदा. विजयकुमार तिचा मदतनीस. तो बत्तीस वर्षं एसटीत कंडक्टर होता. सुटे पैसे मागितल्यावर माणूस कुठं बघतो, यावरून त्याचं चारित्र्य कळतं, असा त्याचा सिद्धांत होता. सिद्धांत अजून एकदाही खरा ठरला नव्हता, पण त्यानं तो सोडला नव्हता.

“चौकशीवाल्या मॅडम हितंच राहतात का?”

खालच्या पायरीशी तिशीची एक बाई उभी होती. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीवर कशिद्याची आठ-आठ पाकळ्यांची लाल-पिवळी फुलं, प्रत्येकाच्या पोटात बोटाच्या नखाएवढा आरसा.

“मीच. ऑफिस आज पायरीवर आहे. बसा.”

बाई बसली. “मी शिला. नरसीच्या अलीकडं आमचा तांडा हाय. परवा शुक्रवारी तांड्याची बैठक हाय. त्यात मला घरातून काढून देऊन राहिले.”

“काहून?” विजयकुमारनं विचारलं.

“चोर म्हणून.”

हा शब्द तिनं इतक्या साधेपणानं उच्चारला, की विजयकुमारनं सुपारी तोंडात टाकायची थांबवली.

हकिगत अशी होती. शिलाच्या नवऱ्याची, कुलदीपची, भाची निता. निताची आई राणी चौदा वर्षांपूर्वी वारली. पोरीला आजीनं, म्हणजे शिलाच्या सासूनं, पारुबाईनं वाढवलं. गेल्या शनिवारी निताचं लग्न झालं. लग्नासाठी पारुबाईनं वारंगा फाट्यावरून पत्र्याची पेटी करवून आणली. पेटीत सगळ्यांत वर राणीचा फेटिया ठेवला. फेटिया म्हणजे बंजारा बायकांचा घेरदार घागरा. राणीनं तो स्वतः भरला होता, काठाला फुलं, फुलांत आरसे. त्याच्या घडीत तिची चांदीची घुगरी आणि टोपली हे केसांतले दागिने ठेवले. गुरुवारी संध्याकाळी पेटीला कुलूप लागलं. दोन्ही चाव्या पारुबाईच्या गळ्यातल्या दोऱ्यात.

“रविवारी निताच्या सासरी समद्यायच्या समोर पेटी उघडली,” शिला म्हणाली. “चांदी व्हती. फेटिया नव्हता.”

“कुलूप?”

“जसंच्या तसं. खरवडलेलंबी न्हाई.”

“चांदी घडीत होती म्हणालात.”

“घडीतून काढून कागदावर नीट मांडून ठेवली व्हती.”

“अडाणी चोर,” विजयकुमार म्हणाला. “चांदी ठेवली अन घागरा नेला.”

राजनंदिनीनं त्याच्याकडे पाहिलं नाही. “मग तुमच्यावर आळ का?”

“सासूचा खांदा धरलाय, हात वर जात न्हाई. तिला न्हाऊ मी घालते, वेणी मी घालते. न्हाताना चावीचा दोरा माझ्याच हातात राहते. शुक्रवारीबी व्हता.” शिलानं पिशवीवरून हात फिरवला. “आन दुसरं म्हंजे, वारंग्याला एक व्यापारी येतो. जुने कशिदे इकत घेतो, शहरात नेऊन उशा करतो म्हणे. मी ह्या माझ्या पिशव्या घेऊन त्याच्याकडं गेल्ते. लोकायनं पाह्यलं.”

“घेतल्या त्यानं?”

“न्हाई. म्हणे, नवं नको. मेलेल्या आजीचं काही असंल तर आणा. फूल तेच, टाका तोच. पण आमी जित्या हाव, म्हणून आमच्या फुलाला भाव न्हाई.”

“आणि नवरा काय म्हणतो?”

शिला रस्त्याकडे पाहत राहिली. एक बस आली, रिकामी झाली, गेली.

“काहीच म्हणत न्हाई,” ती म्हणाली. “तेच तर हाय.”

*

तांड्यावर राजनंदिनीच्या गाडीतून उतरताना विजयकुमारच्या चपलेचा अंगठा तुटला. तो लंगडत लिंबाच्या सावलीत गेला आणि पाल्यानं झाकलेल्या एका ढिगावर टेकला.

“ऊठ! ऊठ तिथून!” ओट्यावरून आवाज आला. “हळदीचं बेणं हाय ते! बुडाखाली मोडून ठेवशील, मंग जूनमधी काय तुला लावू का?”

ही पारुबाई. सत्तरीची, काटक, उजवा हात पोटाशी धरलेला. विजयकुमार उठून गोठ्याकडे सरकला, तर तिथल्या म्हशीनं त्याला लाथ घातली.

“तिच्याजवळ जाऊ नको. शिलाबिगर ती कुणालाच हात लावू देत न्हाई,” पारुबाई म्हणाली, आणि सुनेचं नाव तोंडातून गेल्याचं लक्षात येताच ओठ मिटून आत वळली.

पेटी आतल्या खोलीत, भिंतीपासून हातभर पुढं ठेवली होती. निताच्या सासरचे काही वाकडं बोलले नव्हते. पेटी नितानंच परत पाठवली होती. निरोप एवढाच : आईचा फेटिया सापडेल तेव्हा त्यात घालून द्या. मला रिकामी नको.

पेटी देखणी होती. फाट्यावरच्या पेट्यांवर असतात ते गुलाब तिच्यावर नव्हते. फेटियावरचीच आठ पाकळ्यांची फुलं निळ्या रंगावर उतरवली होती. समोर मधोमध मोठं फूल. त्याचा हिरवा देठ पेटीच्या अंगावरून वर चढत झाकणावर गेला होता आणि तिथं कळ्या फुटल्या होत्या. खाली नाव : निता. मागची बाजू कोरी.

“मॅडम!” विजयकुमार दबक्या आवाजात ओरडला. “हे फूल मोजा. सात पाकळ्या! बाकी समदी आठाची. ही खूण हाय. टोळीची.”

“कुलदीपची हाय,” पारुबाई म्हणाली.

दोघंही वळले.

“मी ऊसतोडीला जायची. कुलदीप राणीच्या पाठीवर वाढला. चौदा वर्षांची पोर, फेटिया भरता भरता त्याला मांडीवर घ्यायची. दात येत व्हते त्याला. एका फुलाची पाकळी चावून चावून उसवली. राणीनं ती पुन्हा भरलीच न्हाई. म्हणे, राहू दे, ही त्याची हाय.” पारुबाईनं डावा हात फुलावर ठेवला. “पेंटरनं इचारलं, सात काढू का आठ? मी म्हणलं, हाय तसं काढ.”

तिनं पदरानं त्यावरची धूळ पुसली.

मग राजनंदिनी पेटीसमोर उकिडवी बसली. झाकण बंद होतं. तिनं जमिनीवर सांडलेला ज्वारीचा एक दाणा उचलला आणि झाकणाच्या फटीपाशी धरला. खालून आलेला देठ झाकणावर त्याच जागी नव्हे, तर थोडा उजवीकडून पुढं सुरू होत होता. दोन कडांच्या मधल्या अंतरात दाणा नेमका बसला.

ती उठून मागं गेली. मागं दोन बिजागऱ्या होत्या. दोन्हींभोवती निळा रंग खरचटलेला. एकीत जाड, गंजकी तार होती, शेवटाला वाकवलेली. दुसरीत बारीक, काळसर, एका टोकाला चपटी सळई होती.

“पेटी इथंच होती का, लग्नाआधी?”

“न्हाई, त्या कोपऱ्यात. भिंतीला टेकून.”

विजयकुमार त्याच कोपऱ्यात बसून चप्पल दुरुस्त करत होता. तिथं पडलेला वाकडा तारेचा तुकडा त्यानं अंगठ्याच्या बुडातून आरपार घातला, चालून पाहिलं, आणि समाधानानं मान वर केली. मान वर करताना डोकं माळ्याला आपटलं. माळ्यावर सुतळीनं तोंड शिवलेलं एक पोतं होतं.

“काय ठेवलं एवढं?”

“बेणं असंल. कुलदीपनं ठेवलंय, हात लावू नका म्हणला. मी काय चढून पाहू का?”

बाहेर तांड्याचा नाईक नेमसिंग येऊन उभा होता. पांढरं धोतर, हातात मोबाइल.

“बैठक टळणार न्हाई, बाई,” तो राजनंदिनीला म्हणाला. “चोरी शुक्रवारी दुपारीच झाली. अख्खा तांडा माझ्या मांडवात निताच्या हळदीचं जेवत व्हता. घरं उघडी. बुंदीवाला ऐनवेळी आला न्हाई, तर हिंगोलीहून जिलेबी आणून वाढली, पण पंगत मोडू दिली न्हाई मी.”

“शिला जेवायला होती?”

“व्हती. पण चावी सकाळी तिच्या हातात व्हती न. कुलूप न तोडता पेटी उघडली, म्हंजे चावीनंच उघडली. मी काही तिच्या वाईटावर न्हाई. पण पारुबाईनं माझ्यापुढं पदर पसरला. नाईकानं काय करावं?”

“शुक्रवारपर्यंत थांबावं,” राजनंदिनी म्हणाली.

*

वारंगा फाट्यावर ट्रक, टपऱ्या आणि वडापच्या गर्दीत ग्यानबाचं पेट्यांचं दुकान आहे. दुकानात पुढच्या रांगेला नव्या पेट्या होत्या. त्यांच्यावर चकचकीत गुलाबांचे तयार स्टिकर चिकटवलेले होते, सगळ्या पेट्यांवर एकच गुलाब, एकाच दवबिंदूसह.

“लोकायला असंच पाहिजे,” ग्यानबा म्हणाला. “हातची फुलं आता फक्त तांड्यावरचे लोक मागतात. ते अडून बसतात, आमची फुलं आमच्यासारखीच काढा म्हणून.”

“पारुबाईच्या पेटीत काही खोट होती?”

ग्यानबाचा चेहरा पडला. “खोट न्हाई. एक बिजागरी जराशी ढिली व्हती. नेणाऱ्यायला मी दाखवून दिलं, पिन वर आली तर पक्कडीनं धरून पुन्हा ठोका. हे काही चोरीचं कारण—”

“नेणारे कोण?”

“नाईक अन पारुबाईचं पोरगं. नाईकाच्या पिकअपमधी नेली.”

“आणि तुम्ही स्वतः पिन बदलली असती तर?”

“हीच तार घातली असती, दुसरी काय?” ग्यानबानं जाड तारेचं भेंडोळं दाखवलं. “बारीक घातली तर झाकण डोलते.”

दुकानामागं, पत्र्याच्या सावलीत देविदास पेंटर बसला होता. समोर पेटी नव्हती. तो एका कूलरवर मोर काढत होता.

“स्टिकरचं फूल कोमेजत न्हाई,” तो म्हणाला. “सोलून निघतं. पण निघेस्तोवर लग्न होऊन जाते. मंग कोण पाहते?”

“पारुबाईची पेटी तुम्ही कशी रंगवली?”

“झाकण लावून. नेहमी झाकण लावूनच. फूल पेटीवर उगवलं पायजे अन झाकणावर फुललं पायजे. मधी तुटलं तर ते फूल न्हाई, दोन तुकडे. फेटिया एक दिवस माझ्याकडं व्हता, पाहून पाहून काढलं. असं फूल मी चाळीस वर्षांत काढलं नव्हतं.” त्यानं ब्रश पुसला. “एका फुलाला सात पाकळ्या काढताना चारदा ब्रश खाली ठेवला मी. लोक म्हणतील, पेंटर मोजायला चुकला.”

“नंतर तांड्यावर गेला होतात?”

“गुरुवारी सकाळी, नाव टाकायला. पेटी रिकामीच व्हती तवा.”

“देठ जुळत होता?”

देविदासनं तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिनं त्याच्या बापाबद्दल काही विचारलं. “बाई, हातात ब्रश असताना मी तुटका देठ सोडून येईन का?”

परतीच्या वाटेवर विजयकुमारनं निकाल दिला. “पेंटर. फेटिया पाहून त्याची नियत फिरली. सुटे मागितले तर आभाळाकडं पाहत व्हता.”

“तुम्ही त्याच्याकडे सुटे कशाला मागितले?”

“सवय.”

*

हिंगोलीच्या हळद मार्केटात मे महिन्यात माणसाची सावलीसुद्धा पिवळी पडते. कुलदीप पोत्यांच्या थप्पीपाशी ओणवा होऊन पोत्यांची तोंडं शिवत होता. तेहतिशीचा, रुंद खांद्यांचा, खाली पाहून बोलणारा. शेजारी आणखी चौघं तेच काम करत होते. त्यांच्या हातांतली दाभणं वर्षांनुवर्षं घासून काळी पडली होती. कुलदीपचं दाभण नवं कोरं, चकाकणारं होतं.

“जुनं कुठं गेलं?” राजनंदिनीनं सहज विचारलं.

“मोडलं.”

“शिला म्हणते, तिनं चोरी केली नाही.”

टाका एक क्षण थांबला. मग पुन्हा सुरू झाला. “मी कधी म्हणलं, केली?”

“नाही केली, असंही म्हणाला नाहीत.”

कुलदीपनं सुतळी ओढली.

“शुक्रवारी दुपारी कुठं होतात?”

“तांड्यावरच. सुट्टी घेतली व्हती. नाईकाच्या मांडवात.”

“जेवलात?” विजयकुमारनं आपुलकीनं विचारलं. जेवणाचा विषय निघाला की त्याला राहवत नसे. “गोड काय व्हतं?”

“बुंदी व्हती. चांगली व्हती.”

विजयकुमारनं मान डोलावली. त्याला बुंदी आवडायची.

*

शुक्रवारी दुपारी लिंबाखाली तांडा जमला. बाजेवर नेमसिंग, शेजारी दोन म्हातारे. पारुबाई ओट्यावर. ग्यानबा आणि देविदास यांना राजनंदिनीनं बोलावून घेतलं होतं. ते पाहुण्यासारखे कडेला उभे होते. कुलदीप भिंतीला टेकून. शिला सगळ्यांपासून दूर, गोठ्याच्या खांबाशी, हातात तीच फुलांची पिशवी. पिशवीत आता कपडे भरलेले दिसत होते. मधोमध पेटी, कुलूप लावलेली.

“नाईक, तुम्ही म्हणालात, कुलूप न तोडता पेटी उघडली म्हणजे चावीनं उघडली,” राजनंदिनी म्हणाली. “चावी पारुबाईंच्या गळ्यात. ती हाती येण्यासारखी होती एकट्या शिलाच्या. बरोबर?”

“बराबर.”

“ग्यानबा, या पेटीला कुलूप आहे. चावी न लावता उघडा.”

ग्यानबानं इकडंतिकडं पाहिलं. मग पक्कड घेऊन पेटीमागं गेला, दोन्ही बिजागऱ्यांच्या पिना उपसल्या, आणि झाकण मागच्या बाजूनं वर उचललं. पुढचं कुलूप जागच्या जागी लोंबत राहिलं.

जमावातून एक लांब हुंकार उमटला. पारुबाई उभी राहिली.

“पण चोरानं असंच केलं, हे कशावरून?” नेमसिंग म्हणाला.

“देठावरून. देविदासभाऊ झाकण लावून फूल काढतात. देठ पेटीवरून झाकणावर सलग जातो. गुरुवारी सकाळी तो सलग होता. नसता तर त्यांनी ब्रश हातात असताना सोडला नसता. मी बुधवारी पाहिला, तेव्हा तो ज्वारीभर सरकला होता. नुसतं उघडमीट करून झाकण सरकत नाही. ते निघालं होतं, आणि पुन्हा बसवताना थोडं वाकडं बसलं. म्हणजे चोर मागून आला.”

ती थांबली.

“आता सांगा. जिच्या हातात रोज सकाळी चावी असते, ती मागून कशाला येईल? जी गोष्ट तुम्ही शिलाच्या विरुद्ध धरली, तीच सांगते की चोर शिला नाही. चोर तो, ज्याच्या हाती चावी लागत नव्हती.”

शिलानं खांबावरचा हात काढला.

“मंग कोण?” पारुबाईचा आवाज चिरकला. “पेंटर? पेटीवाला?”

“पेंटरनं केलं असतं तर देठ जुळवूनच गेला असता. तुटका देठ त्याच्यानं पाहवला नसता. पेटीवाल्यानं केलं असतं तर बिजागरीत त्याची जाड तार असती. ग्यानबा, काय निघालं त्यातून?”

ग्यानबानं हात उघडला. एक जाड, गंजकी, वाकडी तार. आणि एक बारीक काळसर सळई. “ही माझी न्हाई.”

“तुमची दुसरी कुठं आहे, ते सांगते. विजयकाका, चप्पल काढा.”

“मॅडम, चारचौघांत—”

“काढा.”

विजयकुमारनं चप्पल काढली. अंगठ्याच्या बुडातली तार राजनंदिनीनं उपसून ग्यानबाच्या हातावर ठेवली. जाडी तीच, गंज तोच, वाकवलेलं टोक तेच.

“म्हंजे दोन दिवस मी पुराव्यावर चालून राहिलो व्हतो?” विजयकुमार पुटपुटला.

“पिना काढताना ही एक उडून कोपऱ्यात गेली. घाईत सापडली नाही. चोराच्या खिशात जे होतं, त्याचा तुकडा मोडून त्यानं बिजागरीत ठोकला. म्हणून झाकण सरकलं. हा तुकडा दाभणाचा आहे, पोती शिवायच्या. एक टोक अजून चपटं आहे.”

आता कुणालाही सांगावं लागलं नाही. माना एकेक करून भिंतीकडं वळल्या.

“बिजागरी कशी काढायची हे ग्यानबानं दोघांना दाखवलं होतं. नाईक शुक्रवारी दुपारी अख्ख्या तांड्यासमोर जिलेबी वाढत होते. दुसऱ्यानं मला सांगितलं, मांडवात बुंदी होती. त्याचं दाभण नवं आहे. आणि तुमचं बेणं अंगणात सावलीला, पाल्याखाली आहे, पारुबाई. पोत्यात तोंड शिवून कुणी बेणं ठेवत नाही, कुजून जाईल. मग माळ्यावर शिवून ठेवलंय ते काय आहे?”

नेमसिंगनं खूण केली. दोघांनी पोतं खाली आणलं. टाके मार्केटातले, सफाईदार, एकसारखे. ते उसवले. आत जुन्या धोतरात गुंडाळलेला फेटिया होता. उन्हात आरसे चमकले, आणि लिंबाच्या खोडावर उजेडाचे ठिपके हलू लागले.

“कुलदीप,” पारुबाई म्हणाली. नुसतं नाव.

कुलदीप भिंतीवरून घसरत खाली बसला. “याडी,” तो आईला म्हणाला, “मी इकणार नव्हतो.”

“ते चांदीवरून कळलं,” राजनंदिनी म्हणाली. “विकणारा चांदी कागदावर मांडून ठेवत नाही. भाचीचं भाचीला मिळावं, हे त्याला हवं होतं. त्याला फक्त सात पाकळ्यांचं फूल हवं होतं.”

“तिचा फोटोबी न्हाई आमच्याकडं,” कुलदीप जमिनीकडं पाहत बोलला. “तोंडबी पुसट होत चाललं तिचं. लहानपणी मांडीवर पडलं की हे आरसे दिसायचे, तेवढं साफ आठवते. पेटी गेली की तेबी गेलं असतं. पुरुषासारखा पुरुष, आईला काय म्हणू? बहिणीचा घागरा मला दे? तांडा हसला असता.”

“मंग मी?” 

शिला पहिल्यांदाच बोलली. आवाज चढलेला नव्हता.

“सांगणार व्हतो. रविवारी सांगणार व्हतो, तर सगळे पाव्हणे. सोमवारी नाईक आले. रोज म्हणत व्हतो, उद्या सांगतो.”

“आज शुक्रवार हाय,” शिला म्हणाली.

कुलदीपनं तोंड झाकलं.

नेमसिंग बराच वेळ मोबाइल उलटापालटा करत राहिला. मग उठून उभा राहिला आणि म्हणाला, “बैठकीनं चूक केली असती. शिलाबाई, तांडा तुझ्यापुढं मान खाली घालतो.” म्हाताऱ्यांनी खरंच माना खाली घातल्या. काहींच्या आधीच खाली होत्या.

ग्यानबानं आपली जाड तार बिजागरीत ठोकली. देविदासनं झाकण लावून डोळा बारीक केला. देठ जुळला होता. तरीही त्यानं खिशातून ब्रश काढला आणि जोडावरून एकदा फिरवला.

पारुबाईनं फेटिया उलगडून सात पाकळ्यांचं फूल शोधलं, कुलदीपच्या मांडीवर टाकलं, आणि म्हणाली, “पाहून घे पोटभर. सांजेला निताकडं जाईल. तिथं जाऊन तिला सांग तूच, का नेला व्हता ते. मामानं मागितला असता तर पोरगी न्हाई म्हणली असती का?” मग ती ओटा उतरून शिलाकडं गेली. दुखरा हात वर जात नव्हता, म्हणून तिनं डाव्या हातानं सुनेची हनुवटी धरली. “माझे डोळे फुटले व्हते. बाई, तू माझी वेणी घालत व्हतीस अन मी तुझ्यावर...”



शिलानं हनुवटी सोडवली नाही, पण पिशवीही खाली ठेवली नाही.

“मॅडम,” ती राजनंदिनीला म्हणाली, “तुमची गाडी हिंगोलीलाच जाईल न? मला माहेरच्या फाट्यावर सोडा. काढलं म्हणून न्हाई जाऊन राहिले. माझ्या मनानं जाते. यायचं तवा माझ्या मनानं येईन.”

कुलदीपनं मान वर केली. विजयकुमारनं एक चप्पल घालून, दुसरी हातात घेऊन, गाडीचं मागचं दार उघडलं.

तेवढ्यात गोठ्यात म्हैस हंबरली. मग पुन्हा, जरा जोरात.

पारुबाईनं गोठ्याकडं पाहिलं, सुनेकडं पाहिलं, डोळे पुसले.

“जाय, माय. तुझा हक्क हाय, जाय,” ती म्हणाली. “पण जायच्या आधी तेवढी म्हैस पिळून जाय.”